लाल पाठीची पुस्तकं

मला अक्षर आलं ते केस पिकल्यावर. गावच्या शाळेत मोठ्या माणसांचा वर्ग निघाला. माझ्या वयाच्या बाया सही शिकल्या आणि उठून गेल्या. मी बसून राहिले, कारण सहीनं माझं भागणार नव्हतं. मला महादेवाच्या देवळात पाटावर बसून पोथी वाचायची होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमचं गाव चारठाण्याहून येलदरीकडे जाताना आत वळल्यावर लागतं. श्रावण लागला की देवळात महिनाभर ग्रंथ वाचतात. वाचणारा लाकडी पाटावर बसतो, बाकीचा गाव खाली. लग्न होऊन आले तेव्हापासून मी खालीच बसत आले, बायांच्या बाजूला, खांबाआड. पाटावर गुरुसिद्धप्पा. आधी त्यांचे वडील होते, मग ते. अप्पांचं किराणा दुकान आमच्या घरासमोर आहे. आवाज असा की ते वाचायला लागले की पारावरची माणसं विडी विझवायची. ऐकता ऐकता मला एकच वाटायचं, हे जे बोलतात ते त्या कागदावर नेमकं कुठं लिहिलंय?

वर्ग संपला तशी मी वाचनालयात गेले. वाचनालय ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत आहे. बन्सीधर ते सांभाळतो. त्याची पिठाची गिरणीही आहे, म्हणून पुस्तक देतानाही त्याच्या भुवया पांढऱ्या असतात.

"बन्सीधर, मला एक पोथी दे."

"पोथ्या देवळात असतेत मावशी. इथं पुस्तकं हायेत."

"मंग ती लाल कापडातली काय हायेत?"

खालच्या फळीवर लाल पाठीची पुस्तकं ओळीनं उभी होती, एकाच ताग्यातल्या चोळ्या शिवलेल्या बहिणींसारखी. मागच्या सालात छत गळलं आणि ती फळी सगळी भिजली, असं त्यानं सांगितलं. परभणीच्या बाइंडरकडून पुस्तकं नव्यानं बांधून आणली होती. पाठीवर नावं नव्हती. काहींची पहिली पानं गेली होती. खालच्या कडा सडल्या म्हणून बाइंडरनं त्या कापल्या, त्यात पानांचे आकडेही गेले. पुस्तकांची नोंदवहीसुद्धा त्याच पाण्यात गेली होती.

गिरणीवर बाया डबे घेऊन ताटकळल्या होत्या. "घ्या कोणतंबी," म्हणून तो उठला. मी सगळ्यांत जाड होतं ते घेतलं. आमच्याकडे पोथी लाल फडक्यात बांधतात. लाल कापड आणि एवढी जाडी, म्हणजे मोठा ग्रंथ असणार, एवढीच माझी समजूत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर चौरंग मांडला. ग्रंथाला हळदकुंकू वाहिलं, बेलाचं पान ठेवलं, नारळ फोडला. हातावर पाणी घेऊन अप्पा म्हणत तसा संकल्प सोडला, की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचीन, मधे हात घालणार नाही, अर्धा सोडणार नाही. नारळाचा आवाज ऐकून बाया आल्या. माझी जाऊ सरजाबाई आली. शेजारची तानुबाई आली, जी कुठंही टेकली की डोळे मिटते. समोरून अप्पांची सून त्रिवेणी पदराला हात पुसत आली. खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांच्या तोंडात होता तेव्हा मी शब्दाखाली बोट धरून पहिली ओळ वाचली.

"कापसाच्या गोदामात मालकाचे प्रेत पडले होते."

"काय पडलं होतं?" सरजाबाईनं विचारलं.

"प्रेत."

"अगं बया! पहिल्याच अध्यायात मढं?"

त्रिवेणीला हसू आवरेना. ती दहावी शिकलेली. "काकू, ही पोथी न्हाई. ही खुनाची गोष्ट हाय. फौजदार येतो, खुनी हुडकतो, तसली."

हळदकुंकू वाहून बसले होते मी. काय करावं सुचेना. तेव्हा तानुबाई डोळे न उघडता म्हणाली, "असू द्या. पोथीत बी राक्षस मरतेतच की. नारळ फुटला, आता मागं फिरता येत न्हाई. वाच, बायना."

म्हणून वाचलं.

रोज दुपारी एक अध्याय. उन्हाळ्याचे दिवस, रानात काम नाही. बाया निवडायला तूर घेऊन यायच्या आणि तूर तशीच राहायची. गोष्ट एका जिनिंगच्या मालकाची होती. त्याला कुणीतरी विष घातलं होतं. घरात धाकटा भाऊ, मुनीम, स्वयंपाकीण आणि येणारा-जाणारा डॉक्टर. फौजदार म्हातारा, पान खाणारा, कमी बोलणारा. मी हळू वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची. फौजदार दार उघडायला लागला की नेमकं एखादं जोडाक्षर आडवं यायचं आणि ओसरीवर कुणी श्वास घेत नसे.

"भाऊच," सरजाबाई म्हणायची. "भावकीशिवाय कोण मारतंय? आपल्या बांधावर बघ की."

"मुनीम," दुसरी म्हणायची. "लय गोड बोलायलाय तो."

"स्वयंपाकिणीवर आळ घ्याल तर मी उठून जाईन," तिसरी. तिनं आयुष्यभर लोकांच्या लग्नात स्वयंपाक केलेला.

तानुबाईला विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर." सगळ्या हसल्या. "तू झोपली होतीस की गं! डॉक्टर तर बिचारा रडायलाय मयतापाशी."

नळावर, गिरणीवर, रानाच्या वाटेवर तीच चर्चा. माझे मालक, व्यंकटराव, अंगणात दावं वळत बसायचे. ऐकत नाही असं दाखवायचे, पण अध्याय चालू असेस्तोवर त्यांचं दावं काही पुढं सरकत नसे.

आणि मग तो दिवस आला. समाप्ती जवळ आली म्हणून बाया दाटीनं बसल्या. मी वाचलं, "फौजदार दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले. ते म्हणाले, खून करणारा याच खोलीत आहे. त्याचे नाव..."

मी पान उलटलं. पुढे बाइंडरचा कोरा कागद होता. त्याच्या पुढे पुठ्ठा.

"वाच की," सरजाबाई म्हणाली.

"संपलं."

"काय संपलं?"

"पानं."

मी पुस्तक उलटं धरून झटकलं. बेलाचं वाळलेलं पान तेवढं खाली पडलं. एक बाई म्हणाली, संकल्प मोडला, आता काही खरं नाही. दुसरी रडकुंडीला आली, तिला खुनी पाहिजे होता. मला दोन्ही पाहिजे होतं.

बन्सीधरनं पुस्तक उलटंपालटं केलं. "मावशी, शेवटचा फर्मा गेलाय. छापखान्यात पानं गठ्ठ्यानं छापतेत, गठ्ठ्यानंच शिवतेत. तसला एक गठ्ठा न्हाई यात."

"दुसरं आण मंग हेच पुस्तक."

"नावाचं पान न्हाई, लिहिणाऱ्याचं नाव न्हाई. दुकानात जाऊन काय सांगू, मढं पडलेलं द्या म्हणून?"

व्यंकटरावांना बियाण्यासाठी परभणीला विद्यापीठात जायचं होतं. मीही निघाले. त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि पुस्तक पोटाशी धरून बाइंडरचं दुकान शोधत गेले. दुकान म्हणजे गल्लीतली एक अंधारी खोली, खळीचा वास आणि दारात कापणीचं यंत्र. बाइंडर जिलानीभाई माझ्याच वयाचे. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, लाल पाठीवरून बोट फिरवलं आणि आपलं काम ओळखलं.

"अम्मा, ये सब किताबां भीग को एक गोला होगये थे. मैं सब खोल्या, डोरी पे सुकाया, फिर सिया. मेरे पास कागज का टुकडा नै बचा. तुम्हारा फर्मा गया नै. कौनसी तो बी किताब के पेट में होंगा."

मी दुकानाबाहेर आले तेव्हा मला हसू येत होतं. खुनी सुटला नव्हता. तो वाचनालयातच होता, लाल पाठीच्या कुठल्यातरी पुस्तकाच्या पोटात.

बन्सीधरला सांगितलं. त्यानं तिथल्या तिथं सगळ्या लाल पुस्तकांचे शेवट उघडून बघितले. "कशात न्हाई मावशी."

"पोटात बघितलंस का?"

"पोटात कोण बघत बसतंय? पापड-कुरड्याचं दळण आलंय, गिरणीला श्वास घ्यायला फुरसत न्हाई."

मी म्हणाले, मग मी बघते.

त्याच आठवड्यात देवळात बैठक झाली. अप्पांना दम लागायला लागला होता. एक पान वाचलं की खोकल्यानं अर्धी घटका मोडायची. पोरांनी विषय काढला, की यंदा वाचायला कुणी नको, मोबाइलवर सगळं मिळतं, भोंग्याला जोडून देऊ. अप्पा खाली मान घालून बसले होते. ज्या पाटावर त्यांचे वडील बसले तिथं आता मोबाइल ठेवायचा होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी वाचते की."

कुणीतरी हसलं. "बायनाकाकू फौजदाराची पोथी वाचतेत!" मग सगळेच हसले.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाईनं वाचू नये असं मी म्हणणार न्हाई. अक्षराला बाई-गडी न्हाई. पण नेम हाय, बायनाबाई. हातात घेतलेला ग्रंथ ज्यानं अर्धा सोडला त्याला पाट देत न्हाईत. तू संकल्प सोडून ग्रंथ घेतलास. मी दुकानातून बघितलंय. तो पुरा न्हाई झाला."

"ती पोथी नव्हती अप्पा."

"नारळ फोडलास का न्हाई?"

"फोडला."

"मंग झालं. नारळाला वाचता येत न्हाई, आत काय लिहिलंय ते." ते काठी टेकत उठले. "श्रावण लागायच्या आधी समाप्ती कर. तुझ्या फौजदाराला खुनी सापडू दे, मंग पाट माग. तोवर भोंग्याचं थांबवतो मी."

गावाला नवीन म्हणच मिळाली. कुणाची म्हैस सापडेना, कुणाच्या पोराचं लग्न जमेना, की म्हणायचे, फौजदाराला खुनी सापडला की होईल.

मी लाल पुस्तकं एकेक करून घरी आणू लागले. कुणी विचारेल की पानं भराभर चाळून का नाही बघितली. एक तर पोथीत मधे हात घालायचा नसतो, हे हाडात मुरलेलं. दुसरं खरं कारण हे की मला चाळता येत नाही. लहानपणी शिकलेल्यांना पान दिसलं की त्यात काय आहे ते कळतं. मला वाचल्याशिवाय काहीच कळत नाही. माझ्यासाठी प्रत्येक पान सारखंच काळंपांढरं, जोवर बोट पहिल्या शब्दाखाली जात नाही तोवर.

पहिलं निघालं जनावरांच्या रोगांचं. बाया वैतागल्या, पण मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात फौजदार नव्हता. व्यंकटराव मात्र त्या आठवड्यात अंगण सोडून ओसरीच्या पायरीवर आले आणि म्हणाले, "ते पोटफुगीचं परत वाच."

दुसरं एका माणसाचं, जो पायी पायी डोंगरात हिंडला आणि बर्फात झोपला. तानुबाईला उन्हाळ्यातही थंडी वाजायला लागली. तिनं डोक्यावरून पदर गच्च घेतला.

तिसरं पुस्तक उघडलं तेव्हा पहिल्याच पानावर एक मास्तरीण खिडकीत उभी होती आणि खाली रस्त्यानं पोस्टमास्तर सायकलवर चालला होता. त्यानं वर बघितलं. तिनं खाली बघितलं. दोन अध्याय झाले तरी दोघं बोलेनात.

"बोल की रे मुडद्या," सरजाबाई म्हणाली.

प्रेमाची गोष्ट आम्ही कधी वाचलेली किंवा ऐकलेली नव्हती. टीव्हीवर बघितलेल्या, पण त्यात सगळं डोळ्यांपुढं होतं आणि आपण दुसरीकडं बघू शकतो. इथे मलाच ते मोठ्यानं म्हणायचं होतं. ज्या पानावर त्यानं तिचा हात धरला तिथं माझा आवाज चिरकला. सुनांनी पदर तोंडावर घेतले. पायरीवर बसलेले व्यंकटराव उगाच खोकले. "गाळ तेवढं," कुणीतरी म्हणालं.

"गाळायचं न्हाई," तानुबाई डोळे मिटून म्हणाली. "संकल्प हाय."

मग मी वाचलं. हात धरल्याचं वाचलं, पुढचंही वाचलं. मास्तरणीच्या घरच्यांनी दुसरीकडं लग्न ठरवलं तेव्हा सगळ्या रडल्या, आणि ती मांडवातून उठून पोस्टमास्तरकडं गेली तेव्हा ओसरी अशी ओरडली की समोरच्या दुकानातून अप्पा विचारायला आले, साप निघाला का म्हणून.

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना व्यंकटराव म्हणाले, "मी बी तुला येलदरीचं धरण दाखवायला नेलतं की, लग्नाच्या सालात."

"नेलतं. बैल बघायला गेलतो आपण. धरण वाटंत होतं."

"वाटंत असलं म्हणून काय झालं? थांबलो होतो ना?"

थांबले होते खरं. त्यांनी मला पाणी दाखवलं होतं आणि मी पाण्याकडं न बघता त्यांच्या नव्या चपलांकडं बघत होते. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं. इतक्या वर्षांत सांगायचं राहून गेलं होतं.

असं एकेक पुस्तक संपत गेलं. भुताचं संपलं, हसायचं संपलं, एका राणीच्या लढाईचं संपलं. प्रत्येकाच्या पोटात त्याचंच होतं, फौजदार कुठं नव्हता. पेरण्या झाल्या, खुरपणी लागली. बाया रानातून येऊन हातपाय धुऊन ओसरीवर यायच्या. आखाड संपत आला. फळीवर एकच लाल पाठ उरली. अगदी बारीक, सगळ्यांत मागं राहिलेली. तिच्या पोटात फर्मा मावेल असं वाटतच नव्हतं.

उघडलं तर ओळी पानाच्या कडेपर्यंत जातच नव्हत्या. मधूनच तुटलेल्या, खाली अर्धं पान कोरं.

"फसवलं यानं," सरजाबाई म्हणाली. "अर्ध्या कागदावर लिहिलंच न्हाई काही."

"कविता हायेत काकू," त्रिवेणी म्हणाली. "शाळेत पाठ करायला लावतेत तसल्या. राहू द्या, कळत न्हाईत त्या."

बऱ्याच बाया उठून गेल्या. मीही पहिल्या दिवशी पोथीसारखं एका दमात वाचत सुटले आणि काही हाताला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सरजाबाई आणि तानुबाई दोघीच होत्या. मला घाई नव्हती. मी वर्गात वाचायची तशी वाचायला लागले, एकेका शब्दाखाली बोट ठेवून, ओळ संपली की थांबून.

"दारातल्या तांब्यात
दिवसभर आभाळ होतं.
संध्याकाळी तहानलेलं कुणी आलं,
आभाळ पिऊन गेलं.
तांब्या तसाच ठेवलाय मी,
रिकामा नाही म्हणत त्याला."

सरजाबाईनं हातातली तूर खाली ठेवली. तिचा नवरा, माझा दीर, जाऊन किती साल झाली, त्याचा पितळी तांब्या तिनं कुणाला वापरू दिला नाही. वेंधळेपणानं एकदा तिच्या सुनेनं त्यात रॉकेल ओतलं होतं तर महिनाभर घरात भांडण होतं.

"परत वाच," ती म्हणाली.

परत वाचलं. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा वाचलं. तेव्हा मला समजलं की बाकीची सगळी पुस्तकं मला पळवत होती आणि मी मागं मागं धापा टाकत होते. हे एकच पुस्तक माझ्या चालीनं चालत होतं. हळू वाचणाऱ्यांसाठीच कुणीतरी लिहिलेलं. माझं जे व्यंग होतं तीच त्याची वाचायची रीत होती.

दुसऱ्या दिवशी सरजाबाईनं गेलेल्या बायांना दंडाला धरून परत आणलं. "गपचूप ऐका. कळलं न्हाई तर परत ऐका." आणि बाया बसल्या. पावसावरच्या कविता झाल्या, आईवरच्या झाल्या, एक नुसती दाराच्या कडीवरची होती. सगळ्यांना वाटायला लागलं की अरे, हे आपण बघितलंय, म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

मग मी पान उलटलं आणि त्याच चालीनं, थांबत थांबत वाचलं:

"डॉक्टर,
तुमची पिशवी
कुठे आहे?"

"आहा," एक बाई म्हणाली.

"फौजदारांनी
शांतपणे विचारले."

"ही कविता लांबलचक दिसायली," सरजाबाई पुस्तकात डोकावत म्हणाली. "कडेपर्यंत भरलीय." मग तिनं माझा दंड असा धरला की बांगडी वाढवली. "अगं, फौजदार! बायना, फौजदार गं!"

ओसरी उभी राहिली. तूर सांडली. त्रिवेणी पळत समोर गेली आणि दुकानाच्या दारातून ओरडली, "मामंजी, सापडला!" अप्पांच्या हातातला तराजू तसाच राहिला.

"वाच! वाच पुढं!" सगळ्या ओरडायला लागल्या.

मी पुस्तक मिटलं.

"समाप्ती अशी करतेत का?" मी म्हणाले. "उभ्याउभ्या, पाय माखलेले, नैवेद्य न्हाई. उद्या देवळात."

मला त्या दिवशी जेवढ्या शिव्या बसल्या तेवढ्या सासूनंही दिल्या नव्हत्या. व्यंकटराव संध्याकाळी हळूच म्हणाले, "मला एकट्याला सांग." सांगायला मलाच कुठं ठाऊक होतं? मी पुस्तक पेटीत ठेवलं आणि पेटीवर बसून तांदूळ निवडले.

दुसऱ्या दिवशी आखाड तळायचा म्हणून घरोघर गुळाच्या कापण्या झाल्याच होत्या, त्याच नैवेद्याला आल्या. देवळाचा मंडप भरला. जे बैठकीत हसले होते ते पुढं बसले होते. गिरणी बंद ठेवून बन्सीधर आला, पहिल्यांदाच भुवया धुऊन. पाटावर कुणी नव्हतं. मी पाटाशेजारी जमिनीवर बसले. लाल पाठीचं जाड पुस्तक एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला. फौजदार जिथं थांबले होते ती ओळ आधी जाड पुस्तकातून वाचली. मग बारीक पुस्तक उघडलं.

मी हळू वाचलं. आता जोडाक्षरं अडवत नव्हती. मी मुद्दाम थांबत होते. फौजदारानं एकेकाकडं बघितलं. भावाकडं बघितलं, सरजाबाई पुढं सरकली. मुनिमाकडं बघितलं, आणि मुनिमाला सोडून दिलं. मग त्यानं सांगितलं, की त्या रात्री डॉक्टर पिशवी घेऊन आला होता आणि जाताना त्याचे दोन्ही हात मोकळे होते. ती पिशवी कापसाच्या गठाणीत सापडली, आत औषधाची बाटली होती. मालकाला औषध म्हणून विष देणारा, मयतापाशी सगळ्यांत मोठ्यानं रडणारा, डॉक्टरच.

मंडप एकदम सगळा तानुबाईकडं वळला. ती खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती.

"कसं गं कळलं तुला?" सरजाबाई ओरडली.

"पहिल्याच अध्यायात होतं की. येताना पिशवी, जाताना न्हाई. तुमी तूर बघत होताव. डोळे मिटले म्हंजी कान मिटत नसतेत."

असा हशा झाला की गाभाऱ्यातली घंटा कुणी वाजवली ते कळलंच नाही. मी शेवटची ओळ वाचली, पुस्तक मिटलं आणि कपाळाला लावलं. संकल्प पुरा झाला.

अप्पा उठले. खोकला आला, तो जाईपर्यंत सगळे थांबले. "मला मुनीम वाटला होता," ते म्हणाले. "दुकानदाराचं डोकं, दुसरं काय चालणार?" मग त्यांनी काठीनं पाट माझ्याकडं सरकवला. "बैस."

"अप्पा, श्रावण लागायचा हाय अजून."

"पाटाला काय ठाऊक श्रावण? बैस आणि ती तांब्याची वाच. सून रोज घरी म्हणायली, मला तुटक तुटक ऐकू येते. सगळी ऐकू दे."

मी पाटावर बसले. लाकूड गुळगुळीत होतं, दोन पिढ्यांच्या बसण्यानं मधे थोडं खोलगट झालेलं. खांबाआडून जे दिसत नव्हतं ते सगळं तिथून दिसलं. सगळ्यांचे चेहरे, पार, माझ्या घराची ओसरी. मी तांब्याची कविता वाचली. पारावर कुणीतरी विडी विझवली.

श्रावणाच्या पहिल्या सोमवारी भोंगा माझ्या आवाजानं वाजला. बन्सीधर तो फर्मा उसवून जागच्या जागी लावायचं म्हणत होता. मी नको म्हणाले. जो कुणी पुढं ते बारीक पुस्तक उघडेल त्याला कवितेत फौजदार भेटू दे, आणि खुनी हुडकत येईल त्याला तांब्या.

पहिला अध्याय मी देव आणि दैत्य समोरासमोर आले तिथं थांबवला. फौजदारानं शिकवलं होतं ते. पोथी लाल फडक्यात बांधायला घेतली तर खालून, गड्यांच्या बाजूनं, खोकल्याच्या उबळीतून आवाज आला.

"थांबलीस कामून? पुढलं पान उघड की."

इतक्या वर्षांत श्रावणात पहिल्यांदाच खाली बसलेले अप्पा मान उंच करून बघत होते.

"पोथीत मधे हात घालायचा नसतो अप्पा," मी म्हणाले आणि फडक्याची गाठ मारली.